चाइल्ड कार सीट : गाडी तपासण्यापासून पट्टा आवळण्यापर्यंत, क्रमाने

कार सीट घेणारे आई-बाबा आता पुष्कळ दिसतात. पण गाडीचं मागचं दार उघडून बघितलं की चुका लगेच डोळ्यांत भरतात. हार्नेस, म्हणजे बाळाला बांधणारे सीटचे पट्टे, सैल असतो, सीट वर्षाच्या आतच पुढे तोंड करून फिरवलेली असते, सीटचा आधाराचा पाय अधांतरी लोंबत असतो. नाहीतर सीट रिकामी आणि बाळ आजीच्या मांडीवर. यातल्या बऱ्याच चुका क्रम चुकल्यामुळे होतात. ऑनलाइन सेलमध्ये सीट आधी घेतली जाते, ती गाडीत बसते का हे नंतर बघतात, आणि बाळाचं वजन-उंची सगळ्यात शेवटी आठवते. खरं तर आधी गाडी बघायची, मग बाळ, आणि सीट त्यानंतर.

मांडीवरच्या बाळाचा हिशोब मात्र सुरुवातीलाच करून टाकू. ताशी ५० किमी वेगाची गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि तोही कसलीही सूचना न मिळता. हे कुणाच्याच हातांना जमत नाही. आपल्या पट्ट्याच्या आत बाळाला घेणं तर त्याहून वाईट, कारण धडकेत मोठ्या माणसाचा सगळा भार बाळावर येतो. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४ बी नुसार, १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंड आहे.

## टप्पा १ : आधी स्वतःची गाडी तपासा

दिवसाउजेडी, टॉर्च घेऊन, मागच्या सीटपाशी बसा आणि पुढच्या गोष्टी शोधा.

आयसोफिक्सच्या दांड्या. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात, त्या फटीत चाइल्ड सीट थेट अडकवायच्या दोन लोखंडी दांड्या असतात. त्यांच्यात २८ सेंमी अंतर असतं. बऱ्याच गाड्यांत वर छोटं चिन्ह असतं, काहींत हात घालूनच चाचपावं लागतं. आपल्याकडे यात हमखास आडवं येतं ते बाहेरून शिवून घेतलेलं सीट कव्हर. गाडी घेतली की आठवड्यात रेक्झिनची कव्हरं चढतात आणि या दांड्या, कधी कधी मागच्या पट्ट्यांची बक्कलंसुद्धा, कायमची त्याखाली गडप होतात. कव्हरवाल्याकडून तिथे नीट कापून घ्या. तेवढ्या जागेचं कव्हर काढूनच टाकलं तर उत्तम, कारण गुळगुळीत रेक्झिनवर सीट सरकते.

टॉप टेदरचा हूक. टॉप टेदर म्हणजे चाइल्ड सीटचा वरचा भाग मागे बांधून ठेवणारा पट्टा. त्याचा हूक सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर असतो, हॅचबॅकमध्ये सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या तळाशी. डिकीत सामान बांधायचे हूकही असतात आणि दिसायला ते अगदी तसेच दिसतात. गाडीच्या पुस्तिकेत चित्र बघूनच ठरवा. सामानाचा हूक धडकेत उखडला जातो.

पट्टा. तीन ठिकाणी अडकणारा, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हींवरून जाणारा पट्टा लागतो. काही गाड्यांत मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा असतो. तिथे बहुतेक चाइल्ड सीटा बसवता येत नाहीत. पट्ट्याची लांबीही महत्त्वाची. मागे तोंड असलेल्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येतं अशा सीटला पट्टा पूर्ण वळसा घालतो, त्यामुळे लहान गाड्यांत तो चार बोटं कमी पडतो आणि हे सीट घरी आल्यावर कळतं.

जागा कोणती? मागची डावी बाजू सहसा सोयीची. आपल्याकडे फुटपाथ त्या बाजूला येतो, बाळाला रहदारीत उभं राहून काढावं लागत नाही. मधली सीट सपाट असेल आणि तिला तीन बिंदूंचा पट्टा असेल तर तीही चांगली. सात सीटच्या गाडीत दुसरी रांग घ्या. जीपसारख्या गाड्यांत मागे एकमेकांकडे तोंड करून बसायची जी आडवी बाकं असतात, त्यांवर कुठलीही चाइल्ड सीट लावायची नाही.

> सावधान : मागे तोंड असलेली सीट पुढच्या सीटवर कधीही लावू नका. २०२१ मध्ये पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या, आणि अनेक गाड्यांत डावीकडची एअरबॅग बंद करायची सोयच नसते. ती फुटते तेव्हा थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते.

## टप्पा २ : बाळाला मोजा

वय ढोबळ असतं. सीट ठरते ती उंची आणि वजनावर. लसीकरणाच्या कार्डावरचं शेवटचं वजन तीन महिने जुनं असेल तर ते धरू नका, पुन्हा मोजा.

सीटांचे दोन प्रकारचे हिशोब बाजारात दिसतात. ईसीई आर४४/०४ हे युरोपीय मानक हा जुना, वजनावर चालणारा: १३ किलोपर्यंत मागे तोंड, ९ ते १८ किलो पुढे तोंड, १५ ते ३६ किलो बूस्टर (मुलाला गाडीच्याच पट्ट्यासाठी उंच बसवणारी बैठक). आर१२९, म्हणजेच आय-साइझ, हा नवा, उंचीवर चालणारा. त्यात १५ महिन्यांच्या आधी सीट पुढे फिरवायला परवानगीच नाही.

घोळ होतो तो जुन्या हिशोबातल्या ‘९ किलो’मुळे. दहाव्या-अकराव्या महिन्यात बाळ नऊ किलोचं झालं की ‘आता सीट फिरवा, त्याला रस्ता बघू दे’ असा घरात ठराव होतो. नऊ किलो ही परवानगीची खालची रेषा आहे, मुहूर्त नव्हे. या वयात शरीराच्या मानाने डोकं फार जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते घट्ट झालेले नसतात. समोरून धडक झाली की पुढे तोंड असलेल्या बाळाचं डोकं झटक्याने पुढे फेकलं जातं आणि मान ताणली जाते. मागे तोंड असेल तर तोच झटका पाठ, मान आणि डोकं यांवर एकसारखा विभागून सीटच्या पाठीत जिरतो. म्हणून पंधरा महिने हे किमान, आणि सीटची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड ठेवणं सगळ्यात चांगलं.

‘पाय दुमडतात, अवघडतं’ ही तक्रार हमखास येते. पाय गाडीच्या सीटला टेकले तरी काही बिघडत नाही, मुलं मांडी घालून मजेत बसतात. मागे तोंड असलेली सीट लहान पडली हे डोक्यावरून ओळखायचं: डोक्याचा वरचा भाग आणि सीटची वरची कड यांत अडीच सेंमीपेक्षा कमी अंतर उरलं, किंवा वजनाची मर्यादा ओलांडली, की पुढचा टप्पा.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर दवाखान्यातून निघण्याआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा. अर्धवट बसत्या स्थितीत अशा काही बाळांचा श्वास कमी पडू शकतो.

## टप्पा ३ : आता सीट घ्या

लेबल शोधा. सीटच्या पाठीवर किंवा बुडाशी, बहुधा नारिंगी रंगाचं, वर्तुळात ई अक्षर आणि शेजारी एक आकडा असलेलं लेबल असतं. त्यावर आर४४/०४ किंवा आर१२९ लिहिलेलं हवं. भारतीय मानक एआयएस-०७२ हे आहे. यांतलं काहीच नसेल तर त्या वस्तूला दुकानदार काहीही म्हणो, ती कार सीट नाही. यात दोन गोष्टी येतात: नुसत्या कॅरीकॉट, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारी गादीसारखी कापडी ‘पोर्टेबल सीट’. ती मुलाला बांधून ठेवते, वाचवत नाही.

शक्य असेल तर दुकानातली सीट आपल्या गाडीत लावून बघा. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत आधी वाचा आणि खोका आल्या दिवशीच गाडीत लावून पाहा.

अमेरिकेहून मावशीने पाठवलेली सीट हा वेगळाच विषय. ती तिकडच्या मानकाची असते, ई-खूण नसते, मर्यादा पौंड आणि इंचांत असतात. मुख्य अडचण पट्ट्याची. तिकडच्या गाड्यांचे मागचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले की आत जाताना लॉक होत जातात. आपल्याकडचे बरेचसे पट्टे झटका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल सुटतात. त्या सीटला स्वतःचा पट्टा-लॉक (गाडीचा पट्टा आवळलेला धरून ठेवणारा खटका) असेल, किंवा तिचे खालचे हूक आपल्या गाडीतल्या आयसोफिक्स दांड्यांना लागत असतील, तरच ती वापरण्यात अर्थ आहे.

ओळखीतल्यांकडून जुनी सीट घ्यायची तर तीन प्रश्न विचारा: गाडीला कधी अपघात झाला होता का, पुस्तिका आहे का, आणि प्लास्टिकवर कोरलेली तारीख काय. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होत जातं, म्हणून कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर छातीठोक मिळत नसेल तर फुकट मिळाली तरी नको.

## टप्पा ४ : सीट गाडीत बसवा

बाळ घरी ठेवा. शक्यतो दोघांनी मिळून करा. गाडीची आणि सीटची अशा दोन्ही पुस्तिका समोर हव्यात. गाडीचं हेडरेस्ट सीटला पुढे ढकलत असेल तर वर करा किंवा पुस्तिका सांगत असेल तर काढा.

आयसोफिक्सने

१. सीटचे दोन्ही हात बाहेर ओढा आणि दांड्यांवर सरळ दाबा. दोन वेगळे ‘खट्’ ऐकू यायला हवेत. दोन्हीकडच्या खुणा हिरव्या झालेल्या बघा. एक हिरवी, एक लाल म्हणजे बसलेली नाही.

२. सीट गाडीच्या पाठीला घट्ट टेकेपर्यंत मागे रेटा. बरेच जण खट् ऐकून थांबतात आणि मध्ये फट राहते.

३. मग तिसरा आधार. काही सीटांना टॉप टेदर असतो, काहींना पुढे आधाराचा पाय. टेदर हेडरेस्टच्या दांड्यांमधून नेऊन योग्य हुकात अडकवा आणि ताणा. पाय असेल तर तो गाडीच्या तळावर पक्का टेकला पाहिजे. जाड सेव्हन-डी मॅट असेल तर तेवढ्या भागातली काढा. पाय ठेवायच्या जागी जमिनीत सामानाचा कप्पा असेल, तर त्याच्या झाकणावर पाय ठेवणं चालतं का हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. बहुतेक वेळा चालत नाही.

दोन दांड्यांवरच भागवलं तर धडकेत सीट पुढच्या बाजूला उलटी फिरते. तिसरा आधार ऐच्छिक नाही.

गाडीच्या पट्ट्याने

१. आधी कल ठरवा. तान्ह्या बाळासाठी सीट साधारण ४५ अंशांत मागे कललेली हवी. सीटवर पातळीची रेषा किंवा बुडबुडा असतो. गाडी सपाट जागेवर उभी करूनच तो बघा, सोसायटीच्या उतारावर नव्हे.

२. पट्ट्याचा मार्ग शोधा. युरोपीय मानकाच्या सीटांवर मागे तोंड असताना निळ्या खुणांतून आणि पुढे तोंड असताना लाल खुणांतून पट्टा न्यायचा असतो. रंगांची अदलाबदल ही खूप दिसणारी चूक आहे. हँडलवाल्या तान्ह्या बाळाच्या सीटमध्ये कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून जातो. उलटं केलं तर ती एका बाजूला कलंडते.

३. पट्ट्याला पीळ नाही हे बघून बक्कल लावा. आता एकाने सीटमध्ये गुडघा किंवा तळहात रोवून पूर्ण भार द्यायचा, दुसऱ्याने आधी कमरेचा भाग खेचायचा, मग खांद्याचा. भार तसाच ठेवून सीटचा पट्टा-लॉक बंद करा.

४. बक्कल कुठे येतं ते बघा. गाडीच्या बक्कलचा देठ लांब असेल तर बक्कल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर आडवं पडतं. धडकेत ते तिथेच तुटू किंवा उघडू शकतं. असं होत असेल तर दुसरी जागा वापरून बघा, तिथेही तसंच झालं तर ही सीट या गाडीसाठी नाही.

> तपासणी : जिथून पट्टा जातो त्या जागी सीट धरा आणि डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर सोडून पुन्हा आवळा. मागे तोंड असलेल्या सीटचा वरचा भाग हलवून तपासू नका, तो थोडा हलणारच.

सैल वाटली म्हणून खाली उशी, टॉवेल किंवा जुनी साडी घडी करून घालायची नाही. धडकेत ते दबतं आणि तेवढा सैलपणा पुन्हा निर्माण होतो.

## टप्पा ५ : बाळाला बांधा, दर वेळी याच क्रमाने

सीट एकदा बसवली की महिनोन्महिने तशीच राहते. हार्नेस मात्र रोज आवळावा लागतो, आणि घाईत तोच सैल राहतो.

कपडे. नवजात बाळ दवाखान्यातून निघतं ते दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, डोक्यावर कुंची. या गाठोड्यावरून पट्टे लावता येत नाहीत, कारण पायांमधला पट्टा पायांमधून जायलाच हवा. म्हणून झबलं आणि डायपर घालून बाळाला सीटमध्ये ठेवायचं, हार्नेस आवळायचा आणि मग वरून दुपटं पांघरायचं. आजीला हे आधीच दाखवून ठेवा, डिस्चार्जच्या गडबडीत वाद नको. जाड स्वेटर काढा. डोक्यामागे गाठ किंवा जाडी येणारी कुंचीही काढा, तिने मान पुढे झुकते. गळ्यातला बजरबट्टू प्रवासापुरता उतरवा, आणि करगोट्याची साखळी बक्कलखाली दबत नाही ना ते बघा.

पट्ट्यांची उंची. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालच्या खाचेतून यावा. पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वरच्या खाचेतून. महिन्यातून एकदा बघा, मुलं वाढतात आणि खाचा तिथेच राहतात.

आवळणं. बाळाचा पार्श्वभाग सीटच्या कोपऱ्यात पूर्ण मागे सरकवा. बाळाचे हात पट्ट्यांत घाला, दोन्ही टोकं जुळवून बक्कलमध्ये घाला, खट् ऐका. आधी मांडीजवळचा सैल पट्टा वर ओढून घ्या आणि मगच पुढचा लगाम, म्हणजे हार्नेस आवळायचा पट्टा, खेचा. थेट लगाम खेचला की खांद्यावर घट्ट, मांडीवर सैल असं होतं. अमेरिकन सीटला छातीवर क्लिप असते, ती काखेच्या पातळीत हवी, पोटावर नको.

> तपासणी : खांद्याजवळ, गळ्याखालच्या हाडावर पट्टा उभा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर सैल आहे. बोटं घसरली तर बरोबर. ‘दोन बोटं जातात का’ हा नियम विसरा, कुणाची बोटं हे कुणी सांगत नाही.

तान्ह्या बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर कल कमी पडतोय. श्वासाची नळी दुमडते, आणि बाळ रडतही नाही, म्हणून हे डोळ्यांनीच बघावं लागतं. मागे कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसवा. सलग दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाळाला सीटमध्ये ठेवू नका, पहिल्या काही आठवड्यांत त्याहून बराच कमी. घरी पोचल्यावर ‘झोपलंय तर झोपू दे’ म्हणून पट्टे सैल करून सीटमध्येच ठेवणं धोक्याचं आहे. उचलून सपाट अंथरुणावर ठेवा.

## टप्पा ६ : रस्त्यावर

मूल रडायला लागलं की मागच्या माणसाचा हात बक्कलकडे जातो. गाडी चालू असताना बक्कल उघडायचं नाही, दूध पाजायलाही नाही. थांबून पाजा. द्रुतगती मार्गावर कडेला थांबणं स्वतःच धोक्याचं, म्हणून मुंबई-पुणे प्रवासात खालापूरसारखा थांबा आधीच धरून निघा. बोरघाटात उलटी होणारी मुलं असतात. निघण्याआधी तासभर पोटभर दूध देऊ नका, आणि टॉवेल सीटखाली नको, हाताशी ठेवा.

उन्हाळ्यात गाडी उभी असेल तर सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बक्कलचा धातू चटका देण्याइतका तापतो. बांधण्याआधी हाताच्या उलट्या बाजूने तपासा. आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला बंद गाडीत सोडून जाऊ नका, खिडकी चार बोटं उघडी ठेवूनही नाही. आतलं तापमान मिनिटांत चढतं.

नवी सीट थेट लांबच्या प्रवासाला वापरलीत तर रडारड होणारच. एक-दोन दिवस ती घरात जमिनीवर ठेवा, खेळू द्या, मग गल्लीतल्या गल्लीत फेरी मारा.

## टप्पा ७ : बूस्टर, आणि तो कधी सोडायचा

पुढे तोंड असलेली हार्नेसची सीट लहान पडली हे खांद्यांवरून कळतं: सगळ्यात वरच्या खाचेच्याही वर खांदे गेले की बूस्टर. पण मूल किमान १५ किलोचं हवं आणि प्रवासभर सरळ बसण्याइतकं समजूतदार हवं. चौथ्या वर्षाआधी हे सहसा जमत नाही. पाठ असलेला बूस्टरच घ्या. नुसती बैठक असलेला सव्वाशे सेंमी उंचीनंतर.

बूस्टरमध्ये मुलाला धरतो तो गाडीचाच पट्टा. बूस्टर फक्त तो योग्य हाडांवर आणतो. कमरेचा भाग हात टेकायच्या कठड्यांखालून, मांड्यांच्या वर आणि पोटाच्या खाली. खांद्याचा भाग खांद्याच्या मधोमध. मानेला घासतो म्हणून काखेखालून घेतला, तर धडकेत तोच पट्टा बरगड्या आणि पोट चिरडतो. घासत असेल तर बूस्टरच्या हेडरेस्टची उंची आणि पट्ट्याची खाच बदला.

बूस्टर सोडायचा तो वाढदिवस बघून नाही. मुलाला गाडीच्या सीटवर बसवा. पाठ पूर्ण टेकते का, गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांवर राहतो का, खांद्याचा पट्टा खांद्यावरच येतो का, आणि अर्ध्या तासानेही तसंच बसलंय का? पाचही उत्तरं ‘हो’ आली तर सोडा. बहुतेकांची उंची तेव्हा १४५ ते १५० सेंमी असते, म्हणजे दहा-बारा वर्षं. नाश्त्याच्या टेबलावर ‘मी आता मोठी झाले’ असं जाहीर झालं तरी ही परीक्षा घ्याच.

## देखभाल

हार्नेसचे पट्टे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, ब्लीच नको. ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसा. कापडी कव्हर काढून धुता येतं, पण काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर पट्टे परत ओवताना उलटे जातात. बिस्किटाचा चुरा जाऊन बक्कल अडकत असेल तर पुस्तिकेत परवानगी असल्यास कोमट पाण्याने धुवा. तेल किंवा स्प्रे अजिबात नको, त्यावर धूळ बसते आणि खट् झाल्यासारखं वाटूनही बक्कल अर्धवटच लागतं.

गाडीला जोराची धडक बसली असेल तर सीट बदला, बाहेरून तडा दिसला नाही तरी, आणि त्या वेळी ती रिकामी असली तरी. विम्याच्या दाव्यात सीटचं बिल जोडता येईल का ते विमा कंपनीला विचारा. जुनी सीट भंगारात देताना पट्टे कापून टाका, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाणार नाही.